दूरचित्रवाणी संचाची खरेदी : भाव आणि मुदत

अमेरिकेत नव्याने स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत एक समज दृढ झालेला दिसतो. येथे वस्तूवर किंमत लिहिलेली असते, गल्ल्यावरील यंत्र तीच किंमत दाखविते, दुकानदार मालक नसून नोकर असतो. तेव्हा येथे घासाघीस करणे हा अडाणीपणा होय, असा तो समज. याच्या उलट दुसरा एक समज काही जुन्या मंडळींत आढळतो. त्यांच्या मते दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात केली नाही तर आपण फसलोच. हे दोन्ही समज अर्धवट आहेत आणि दोहोंचाही भुर्दंड शेवटी आपल्याच खिशाला बसतो. घरात यावयाच्या वस्तूंपैकी दूरचित्रवाणी संच ही अशी एक वस्तू आहे की, जिच्या खरेदीत हे दोन्ही समज पारखून घेता येतात. म्हणून या वेळी आम्ही तोच विषय निवडला आहे.

आम्ही अध्यापनाचे शिक्षण घेतले त्या काळी ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र आम्हांस प्रथम शिकविले गेले. त्या सूत्राला अनुसरून आधी आपल्या ओळखीच्या बाजाराकडे पाहू. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात फळे घेताना, लोहार चाळीत विजेचे सामान घेताना किंवा लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे भाग घेताना आपण भाव करीत होतो. तेथे किंमत ही दोघांच्या संभाषणातून ठरे. बोहनीची वेळ आहे, शेवटचा नग आहे, आपण नेहमीचे गिऱ्हाईक आहोत, दुकान बंद होण्याची घटका आली आहे, या सर्व गोष्टींना त्या संभाषणात मोल होते. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत. घाण्यावरचे तेल विकणाऱ्याला आपले गिऱ्हाईक कोण, त्याची ऐपत किती आणि उधारी कधी फिटणार, हे तोंडपाठ असे. भाव कमी करणे ही त्या ओळखीची एक बाजू होती. लबाडी करण्याची मुभा असा तिचा अर्थ नव्हता.

आता अमेरिकेतील स्थिती पाहू. एकच भाव ही या देशाला निसर्गतः मिळालेली देणगी नव्हे. क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी ती रीत धर्मबुद्धीने पाळली. जेवढे घ्यावयाचे तेवढेच मागावे, अधिक मागून मग उतरणे हे असत्य भाषण होय, अशी त्यांची श्रद्धा होती. एकोणिसाव्या शतकात न्यू यॉर्कमध्ये ए. टी. स्ट्यूअर्ट आणि मेसी, तसेच फिलाडेल्फियात जॉन वॅनामेकर यांनी आपल्या विशाल दुकानांत ती रीत व्यापारी सोय म्हणून रूढ केली. शेकडो नोकर नेमले की प्रत्येकाला भाव ठरविण्याचा अधिकार देता येत नाही, हे त्यामागील साधे कारण. म्हणजे लिहिलेली किंमत हा मोठ्या दुकानाच्या व्यवस्थेचा भाग आहे. ती कोणी दगडावर कोरलेली नाही.

पुढे कायद्यानेही या प्रकरणात हात घातला. १९३७ साली मिलर-टायडिंग्ज कायदा झाला आणि ज्या राज्यांत तथाकथित ‘फेअर ट्रेड’चे कायदे होते तेथे कारखानदाराला किरकोळ विक्रीची किमान किंमत बांधून देता येऊ लागली. त्याखाली विकणारा दुकानदार न्यायालयात खेचला जाई. ब्रुकलिनच्या यूजीन फरकॉफ यांनी १९४८ साली मॅनहॅटनमध्ये ‘ई. जे. कॉर्वेट’ हे दुकान काढून प्रवासी पेट्या आणि पुढे घरगुती उपकरणे सवलतीत विकण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांच्यावर असे अनेक दावे झाले. अखेर १९७५ साली अमेरिकन काँग्रेसने हे बंधन रद्द करणारा कायदा केला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर स्वाक्षरी केली. त्या दशकात न्यू यॉर्कला आलेल्या आपल्या मंडळींना उपकरणांच्या दुकानांतील भावयुद्ध दिसले, त्याच्या मुळाशी हा बदल होता.

त्या भावयुद्धातील सर्वांत गाजलेले नाव म्हणजे ‘क्रेझी एडी’. ब्रुकलिनच्या एडी अंतार यांची ही दुकाने १९७० आणि १९८० च्या दशकांत न्यू यॉर्क परिसरात घरोघर ठाऊक होती. त्यांच्या जाहिरातींतील गृहस्थ दोन्ही हात उडवीत आपले भाव वेडेपणाचे असल्याचे ओरडून सांगत असे. १९८९ साली ती दुकाने बंद पडली. त्यानंतर जे उघडकीस आले ते आपल्या विषयाशी निगडित आहे. गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घ्यावयाचा, पण रोखीची रक्कम हिशेबात न दाखविता तो कर सरकारजमा करावयाचा नाही, हा प्रकार तेथे वर्षानुवर्षे चालला होता. पुढे भागधारकांना फुगविलेले हिशेब दाखविण्यात आले. अंतार देश सोडून इस्राएलला गेले, १९९२ साली तेथे पकडले गेले आणि पुढे अमेरिकेत त्यांना तुरुंगवास झाला. तात्पर्य, अतिशय कमी भाव दिसला की ‘हा कसा परवडतो?’ हा प्रश्न गिऱ्हाइकाने स्वतःस विचारावा. उत्तर कधी साधे असते, जसे जुना साठा किंवा मागील वर्षाचा नमुना. कधी ते तसे साधे नसते.

आपल्या समाजातील आणि एकंदर भारतीय मंडळींच्या खरेदीचा आणखी एक अध्याय क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स येथे घडला. ७४ व्या रस्त्यावर १९७० च्या दशकात ‘सॅम अँड राज’ हे दुकान निघाले आणि २२० व्होल्टवर चालणारी उपकरणे तेथे मिळू लागली. अमेरिकेत वीज ११०-१२० व्होल्टची व त्या काळी प्रक्षेपणाची पद्धत एनटीएससी होती, तर भारतात वीज २२० व्होल्टच्या पुढे व प्रक्षेपण पाल पद्धतीचे होते. त्यामुळे येथला संच तेथे नेऊन लावला तर चित्रही नसे आणि सुरक्षितताही नसे. १९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर गावी जाणाऱ्या प्रत्येकाकडे रंगीत संचाची मागणी होऊ लागली. आज तो प्रघात मागे पडला आहे. भारतात संच मुबलक मिळतात, आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये भारत सरकारने सपाट पडद्याच्या संचांना प्रवासी सामानातील करमाफीतून वगळले. तरीही कोणाच्या मनात येथून संच नेण्याचे असेल तर विजेचा दाब संचाच्या पाठीवर वाचावा आणि येथील हमी तेथे लागू होते काय, हे आधी विचारावे.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. शिक्षकाने वर्गात जाण्यापूर्वी पाठटाचण काढावे लागते. गिऱ्हाइकानेही तसेच करावे. दुकानात शिरल्यावर विचार सुरू करणारा गिऱ्हाईक हा विक्रेत्याच्या पाठाचा विद्यार्थी होतो.

पहिली गोष्ट, मापाची. पडद्याचे माप कर्णाने देतात. ५५ इंची आणि ६५ इंची यांत फरक दहा इंचांचा दिसतो, पण क्षेत्रफळाचे प्रमाण कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गणित करून पाहिले तर ६५ इंची पडदा ५५ इंचीपेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी मोठा असतो. म्हणून दोन किमतींची तुलना करताना केवळ इंच मोजू नयेत. त्याचबरोबर आपल्या दिवाणखान्यात बसावयाचे अंतर किती, हेही दोरी लावून मोजावे. दुकानाच्या उंच छताखाली लहान वाटणारा संच घरी भिंत व्यापून टाकतो.

दुसरी गोष्ट, नमुन्याच्या क्रमांकाची. संचाचे नाव आणि माप एवढ्याने भाव जुळविता येत नाही. कारखानदार वेगवेगळ्या दुकानांसाठी किंचित वेगळ्या क्रमांकाचे नमुने काढतात. नोव्हेंबरातील मोठ्या विक्रीसाठी तर काही संच मुद्दाम वेगळे बनविले जातात. बाहेरून तेच, आत कमी जोडण्या किंवा हलक्या प्रतीचा पडदा. क्रमांकातील एक अक्षर वेगळे असेल तर विक्रेता ‘हा तो नव्हे’ असे म्हणून भाव जुळविण्यास नकार देऊ शकतो, आणि त्याचे म्हणणे खरेही असते. पूर्ण क्रमांक वहीत उतरवून घ्यावा.

तिसरी गोष्ट, ऋतूची. आंब्याला जसा मोसम असतो तसा संचालाही असतो. नवे नमुने जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात दाखवितात आणि वसंतात ते दुकानांत येऊ लागतात. तेव्हा मागील वर्षाचे नमुने काढून टाकण्याची दुकानदाराला घाई असते. फेब्रुवारीतील सुपर बोल सामन्यापूर्वीचे दिवस आणि थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार हेही स्वस्ताईचे दिवस होत. मागील वर्षाचा संच डोळ्यांना क्वचितच वेगळा दिसतो. किमतीत मात्र तो वेगळा असतो.

चौथी गोष्ट, कराची. येथे फलकावरील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. न्यू यॉर्क शहरात तो ८.८७५ टक्के आहे, न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. ८०० डॉलरांच्या संचावर न्यू यॉर्क शहरात ७१ डॉलर कर होतो, तर न्यू जर्सीत ५३ डॉलर. डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही. परंतु तेथून आणलेल्या वस्तूवर न्यू यॉर्कच्या रहिवाशाने ‘यूज टॅक्स’ भरावा असा कायदा आहे, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर दूरच्या राज्यांतील विक्रेतेही बहुतेक वेळा कर आकारतात. तेव्हा भावाची बोलणी करताना करासह एकूण रक्कम किती, यावरच बोलावे.

आता दुकान कोणते? येथे एक भेद ध्यानात ठेवावा. काही दुकानांत विक्रेत्याला विक्रीवर दलाली मिळते, काही ठिकाणी केवळ पगार. बेस्ट बाय या कंपनीने १९८९ च्या सुमारास दलालीची पद्धत सोडली. पगारी विक्रेत्याशी घासाघीस करणे म्हणजे बसच्या वाहकाशी तिकिटाच्या दरावर वाद घालणे होय. त्याच्याजवळ अधिकार नसतो, परंतु नियम असतो. दुसऱ्या मान्य दुकानात तोच क्रमांक कमी भावाला मिळत असेल तर तो भाव जुळवून देण्याचा नियम अशा दुकानांत असतो. तो नियम विचारणे ही घासाघीस नव्हे. तो आपला हक्क मागणे होय. याउलट दलालीची पद्धत असलेल्या स्थानिक दुकानांत बोलणी करण्यास वाव अधिक. तेथेही विक्रेत्याला अडचणीत न आणता व्यवस्थापकाला भेटण्याची विनंती करावी.

एक अडचण मात्र ठाऊक असावी. १९७५ साली मोडलेले बंधन अंशतः परतले आहे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने लीजिन खटल्यात निर्णय दिला की, कारखानदाराने किमान किंमत बांधून देणे हे संघराज्याच्या कायद्याने आपोआप बेकायदा ठरत नाही. २०१२ साली सोनी आणि सॅमसंग यांनी आपल्या काही संचांसाठी विक्रेत्यांनी किती किमतीखाली विकू नये, याचे धोरण जाहीर केले. तेव्हा ‘या संचाचा भाव मला कमी करता येत नाही’ असे विक्रेता म्हणतो तेव्हा तो नेहमीच खोटे बोलतो असे नाही. अशा वेळी भाव सोडावा आणि इतर गोष्टी मागाव्यात : घरपोच पोचविणे, भिंतीवर बसवून देणे, जुना संच घेऊन जाणे. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नाही. न्यू यॉर्क राज्यात २०१५ पासून जुना संच कचऱ्यात टाकण्यास रहिवाशांना मनाई आहे, आणि शहरात त्यासाठी दंड होतो.

बोलावे कसे, हे अनेकांना सुचत नाही. विशेषतः ज्यांना इंग्रजीचा संकोच वाटतो ते एकतर गप्प बसतात किंवा संकोच झाकण्यासाठी आवाज चढवितात. आमच्या मते चार वाक्ये पुरेत. ती घरी इंग्रजीत पाठ करून जावे. पहिले : ‘मला हाच नमुना घ्यावयाचा आहे, आजच घ्यावयाचा आहे.’ दुसरे : ‘अमुक दुकानात त्याची किंमत इतकी आहे, हा पहा कागद.’ तिसरे : ‘करासह आणि घरपोच धरून आपली शेवटची रक्कम काय?’ आणि ती रक्कम ऐकल्यावर चौथे : ‘याहून काही करता येईल काय?’ चौथे वाक्य बोलल्यावर गप्प राहावे. वर्गात प्रश्न विचारून विद्यार्थ्याला विचार करण्यास अवधी द्यावा लागतो, तसाच हा अवधी. पुष्कळ मंडळी तो अवधी सहन न होऊन स्वतःच बोलू लागतात आणि आपणच आपली मागणी मागे घेतात. नकार आला तर आभार मानून निघावे. येथे कोणी मागून हाका मारीत रस्त्यापर्यंत येत नाही, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दुकानात जाण्यात कमीपणाही नाही.

भाव ठरला की काम संपले, असे मात्र समजू नये. खरी परीक्षा तेथून पुढे असते. क्वीन्समधील एका वृद्ध दांपत्याची हकिगत आमच्या कानावर आली. दोघे ठाण्याहून येऊन वर्षही झाले नव्हते. जाहिरातीत ४०० डॉलरांना दिसलेला संच घेण्यास ती एका दुकानात गेली. तो संच ‘आत्ताच संपला’ होता, आणि शेजारचा ६४९ डॉलरांचा संच ‘आपल्यासारख्यांसाठी योग्य’ होता. मग १३० डॉलरांची वाढीव हमी आली, ४० डॉलरांची तार आली आणि वर कर. घरी आल्यावर आजोबांनी ती पावती कोणाला दाखविली नाही. आपले इंग्रजी तोडके म्हणून आपण फसलो, ही शरम त्यांना रकमेपेक्षा जड झाली होती. आठव्या दिवशी भाचीने सहज विचारले तेव्हा आजींनी पावती काढली. मुदत शिल्लक होती. भाची बरोबर गेली, आणि हमीचे व तारेचे पैसे वाद न होता परत मिळाले.

कमी किमतीच्या वस्तूचे आमिष दाखवून महाग वस्तू गळ्यात मारणे ही येथली जुनी लबाडी आहे. संघराज्याच्या व्यापार आयोगाने तिच्याविरुद्ध १९६७ सालीच मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. न्यू यॉर्क शहरात इलेक्ट्रॉनिक्स विकणाऱ्या दुकानाला शहराचा परवाना घ्यावा लागतो आणि ३११ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तरीसुद्धा या दांपत्याला तारले ते मुदतीने आणि भाचीने. येथे आम्हांला आपल्याच शास्त्रातील एका प्रकरणाची आठवण होते.

मिश्नेच्या बाबा मेत्सीआ या भागात, चौथ्या अध्यायात, खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार केलेला आहे. वाजवी भावाहून एक षष्ठांश फरक पडला तर ती फसवणूक समजावी, आणि ती विकणाऱ्याप्रमाणे घेणाऱ्यालाही लागू व्हावी, असे तेथे ठरविले आहे. फसलेल्याला तक्रार करण्यास किती अवधी? तर ती वस्तू एखाद्या व्यापाऱ्याला किंवा आपल्या नातलगाला दाखविता येईल इतका. पुढे लोद गावाची गोष्ट येते. ज्या लोदमध्ये आज आपली कितीतरी कुटुंबे राहतात तेच हे गाव. तेथे रब्बी तार्फोन यांनी निवाडा दिला की, एक तृतीयांश फरक पडेपर्यंत फसवणूक मानू नये. व्यापारी आनंदले, कारण नफ्याची मर्यादा दुप्पट झाली. मग रब्बींनी पुढे सांगितले की, गिऱ्हाइकाला माल परत करण्यास संपूर्ण दिवसाची मुदत राहील. हे ऐकताच व्यापारी म्हणू लागले की, आम्हांला जुनाच नियम बरा.

लोदच्या व्यापाऱ्यांना जे उमगले ते आपण उमजून घ्यावे. भावात मिळणाऱ्या सुटीपेक्षा माल परत करण्याच्या मुदतीला व्यापारी अधिक भितो. म्हणून गिऱ्हाइकाने तिची किंमत अधिक करावी. ३० डॉलर कमी करून ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे पावतीवर छापणाऱ्या दुकानापेक्षा ३० डॉलर अधिक घेऊन मुदत देणारे दुकान पुष्कळदा स्वस्त पडते. या देशात दुकानाने माल परत घेतलाच पाहिजे असा सर्वसाधारण कायदा नाही. प्रत्येक दुकानाचे धोरण वेगळे. कॉस्टको दूरचित्रवाणी संच ९० दिवसांपर्यंत परत घेते व कारखानदाराची हमी दोन वर्षांपर्यंत वाढवून देते. बेस्ट बायची साधी मुदत १५ दिवसांची आहे. न्यू यॉर्क राज्यात दुकानाने परतीचे धोरण ठळकपणे लावले नसेल तर न वापरलेला, न बिघडलेला माल ३० दिवसांत परत करता येतो. ही धोरणे बदलत असतात; म्हणून पैसे देण्यापूर्वी मुदत विचारावी आणि पावतीवर दाखवून घ्यावी.

त्याच अध्यायात आणखी एक वचन आहे आणि ते आपल्यालाच उद्देशून आहे. वस्तू घ्यावयाची नसताना तिचा भाव विचारू नये, असे तेथे सांगितले आहे. कारण खोटी आशा लावणे हीदेखील शब्दांनी केलेली फसवणूक होय. आजच्या काळी याचा अर्थ स्पष्ट आहे. एखाद्या विक्रेत्याचा तासभर वेळ घ्यावयाचा, त्याच्याकडून पडद्यांचे प्रकार समजून घ्यावयाचे, आणि घ्यावयाचे मात्र घरी बसून दुसरीकडून, असा बेत मनात धरून दुकानात जाणे योग्य नव्हे. प्रामाणिकपणे तुलना करावी. ज्याने शिकविले त्याला ‘आपण हा भाव जुळवाल काय?’ असे विचारण्याची संधी द्यावी. मग त्याने नाही म्हटले तर आपण मोकळे.

याच न्यायाने ‘बिल नको, रोख घ्या’ ही सवयही आपण मुंबईतच ठेवून यावी. रोखीने पैसे दिल्यास लहान दुकानदाराचे कार्डाच्या सेवेचे दोन-तीन टक्के वाचतात आणि तेवढी सूट मागणे रास्त आहे. पण पावती घेतलीच पाहिजे. पावती नसेल तर कर बुडतो, हमी बुडते आणि मुदतही बुडते. क्रेझी एडीच्या कथेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले.

वाढीव हमीविषयी आमचे मत थोडक्यात सांगतो. कारखानदाराची हमी आधीच असते, काही क्रेडिट कार्डे तिच्यात भर घालतात, आणि १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने लिखित हमीच्या अटी गिऱ्हाइकाला समजतील अशा सांगणे बंधनकारक केले आहे. संचावर दुकानाला मिळणारा नफा आज अल्प असतो. तो भरून काढला जातो हमीतून, तारांतून आणि भिंतीवरील चौकटीतून. ‘विचार करून कळवितो’ एवढे उत्तर पुरे.

हप्त्यांबद्दल तर दुहेरी सावध असावे. ‘बारा महिने व्याज नाही’ अशा अनेक योजनांत बाराव्या महिन्याच्या अखेरीस थोडी रक्कम जरी बाकी राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचे व्याज लागते, आणि दुकानांच्या कार्डांचा दर वीस टक्क्यांच्या वर असतो. आठवड्याच्या भाड्याने संच देऊन शेवटी मालकी देणाऱ्या दुकानांत तर एकूण रक्कम पुष्कळदा दुप्पट होते. पन्नास डॉलरांसाठी तासभर घासाघीस करावी आणि व्याजात दोनशे घालवावेत, हे कोणत्या अंकगणितात बसते?

शेवटी, एका प्रश्नाचे उत्तर देणे राहिले. १९५४ साली आर. सी. ए. कंपनीचा पहिला रंगीत संच बाजारात आला तेव्हा त्याची किंमत १००० डॉलर होती आणि पडदा टीचभर. आज त्याहून कितीतरी कमी रकमेत भिंतभर चित्र मिळते. हे कसे परवडते? पडद्यांचे उत्पादन अवाढव्य झाले, हे मुख्य कारण. पण दुसरेही एक आहे. इंटरनेटला जोडलेला संच आपण काय पाहतो याची नोंद ठेवू शकतो आणि ती नोंद विकली जाते. २०१७ साली व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख संचांवरील अशी माहिती प्रेक्षकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून २२ लाख डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हा संच लावण्याच्या दिवशी पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक अटीला ‘मान्य’ म्हणू नये. पाहण्याची नोंद ठेवणारी सोय शोधून बंद करावी. तो आपल्या किमतीचाच एक भाग आहे, आणि तेथेही नाही म्हणता येते.

वाचकहो, या सर्व विवेचनातून एक गोष्ट कृतीत आणता येण्याजोगी आहे. मिश्नेने ज्या नातलगाला माल दाखवावयास सांगितले, तो नातलग परदेशात सर्वांनाच असतो असे नाही. कोणाची मुले दुसऱ्या राज्यात, कोणाची इस्राएलला, कोणाची मागे मुंबईत. आपल्या परिसरात यंदा कोणी नवे कुटुंब आले असेल, किंवा कोणी मावशी, काका एकटे राहत असतील, तर त्यांच्या पहिल्या मोठ्या खरेदीच्या वेळी आपणांपैकी कोणी तरी बरोबर जावे. ते शक्य नसेल तर आठवड्याच्या आत त्यांच्या घरी जाऊन चहा घ्यावा आणि ‘पावती पाहू या का?’ असे सहज विचारावे. विचारताना हसू नये, ‘इतके कसे दिलेत?’ असे म्हणू नये. पावतीवरील तारीख पाहावी आणि मुदतीचे किती दिवस उरले आहेत ते मोजावे.

पुढील अंकी घरभाड्याचा करार वाचावा कसा, या विषयाकडे वळू.